पाचशे गाड्यांची अट

बाकावरचा, इंजिनात पेट्रोल सोडणारा हा पंप नीट पाहा. सहा प्लंजर, म्हणजे पेट्रोल ढकलणारे दट्टे, आणि आत हा शंकूसारखा, उंचवट्यांचा कॅम. इंजिनाचे फेरे वाढले की कॅम लांबीत सरकतो, ॲक्सिलरेटर दाबला की स्वतःभोवती फिरतो. कुठल्या क्षणी किती पेट्रोल जायचं, ते त्याच्या उंचवट्यांत घासून ठेवलंय. १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ चा हा मेंदू.

गाडी मिसिंग करू लागली की पहिला पाना यालाच लागतो आणि तिथेच घोळ होतो. आधी कॉम्प्रेशन. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर ०.१ मिमी. मग इग्निशन टायमिंग, सहाही थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपांचा समतोल. पंपाला हात सगळ्यात शेवटी. त्याआधी ही नळी बघा: हीट एक्स्चेंजरकडची गरम हवा ती पंपाच्या थर्मोस्टॅटला पोचवते. नळी निसटली किंवा थर्मोस्टॅट गंजला, तर पंपाच्या लेखी इंजिन कायम थंडच. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. डिपस्टिकचा वास घ्या, लगेच कळेल.

गाडीचा पत्रा पातळ, काचा पातळ, मागे बदकाच्या शेपटीसारखा स्पॉयलर. हलक्या आवृत्तीचं वजन हजार किलोंच्या आत, ताकद २१० अश्वशक्ती. ग्रुप ४ या गटाच्या शर्यतींत उतरायचं तर नियमानं ५०० गाड्या बनवणं भाग होतं. बनल्या १५८०.

५०० हाच आकडा पुढे जपानमध्ये भेटतो. १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर, आर३२. इथेही सहा सिलिंडर, सहा थ्रॉटल. पण इंजिन २५६८ सीसीच का? ग्रुप ए या शर्यतींच्या गटात टर्बो इंजिनाची क्षमता १.७ नं गुणत. उत्तर ४३६६, साडेचार लिटरच्या गटात अलगद बसतं. पुढच्या वर्षी शर्यतीच्या अटीसाठी याच गाडीच्या ‘निस्मो’ नावाच्या खास आवृत्तीच्या ५०० गाड्या निघाल्या. त्यांना एबीएस नाही, मागचा वायपर नाही आणि टर्बोचं चाक सिरॅमिकऐवजी धातूचं. कारण या ट्रेमध्ये तुकडे होऊन पडलंय: बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, १ बारच्या पुढे रेटला की सिरॅमिक चाक दांड्यावरून सुटतं.

आर३२ चं खरं दुखणं मात्र खाली आहे. हे दोन क्रँक, म्हणजे इंजिनाचे मुख्य दांडे, शेजारी शेजारी. डावीकडे सुरुवातीचा. ऑइल पंपाचा गिअर ज्या सपाट भागावर बसतो, तो आखूड. गिअरला पुरती पकड मिळत नाही. इंजिन लिमिटरवर, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर, आदळत राहिलं की तो तडकतो, ऑइलचा दाब पडतो आणि बेअरिंग जातात. उजवीकडे पुढच्या पिढीतल्या आर३३ चा, रुंद. जुन्या क्रँकवर तो भाग रुंद करणारी कॉलर चढवता येते, पण इंजिन उतरवूनच. त्याच वेळी इंजिनाच्या वरच्या भागाकडे, हेडकडे, जाणाऱ्या ऑइलच्या वाटेत बारीक छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवून घ्यावा, नाहीतर ऑइल वरच साचतं.

कॉलरवाल्या गाडीला ‘मूळ राहिली नाही’ म्हणत काही संग्राहक नाक मुरडतात. पोर्शेचा पंप मात्र नव्यानं बांधलेला चालतो! हा दुजाभाव आम्हाला पटत नाही.

जपानच्या ग्रुप ए टूरिंग कार स्पर्धेत जीटी-आर २९ शर्यती धावली, २९ जिंकली. मग तिथला ग्रुप ए गुंडाळला गेला. अमेरिकेत परदेशी गाडी २५ वर्षांची झाली की आयातीची आडकाठी सुटते; २०१४ मध्ये या गाडीची सुटली, भाव चढले.

एकीचं झाकण मागे, दुसरीचं पुढे. दोन्ही उघडी आहेत. चावी फिरवतोय.