तीन गावं, तीन मतं

[दृश्य: आयर्विन पूल, सकाळ. पाण्याच्या पातळीचे आकडे जवळून.]

पावसाळ्यात सांगलीत एक आकडा लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतो. आयर्विन पुलापाशी कृष्णा आज किती फुटांवर? ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं.

या फिल्ममध्ये सेवांचे पत्ते सांभाळणारा तीन सर्व्हरचा एक क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणारा गट, बघायचा आहे. तो मांडताना सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न इथलाच आहे: नदी पंचेचाळीसवर गेली, तर यातली किती मशीनं चालू राहतील?

[दृश्य: हळदीचे सौदे. पोत्यांच्या थप्प्या, काटा, मोबाइलवर आलेला मेसेज.]

समजा, हळदीच्या सौद्यांसाठीचं सॉफ्टवेअर आहे. एक सेवा काट्यावरचं वजन घेते, दुसरी सौद्याचा भाव नोंदवते, तिसरी हमाली-तोलाई वजा करून शेतकऱ्याची पट्टी बनवते, चौथी त्याला मेसेज पाठवते. प्रत्येक सेवा दोन-तीन मशीनवर चालते. सौदा सेवेला पट्टी सेवा शोधायची, तर ती कुठल्या आयपीवर आहे हे कळायला हवं. हा पत्ता कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवला, की मशीन बदललं त्या दिवशी पाच ठिकाणी फाइल बदलावी लागते आणि सहावी हमखास राहून जाते.

सर्व्हिस डिस्कव्हरी म्हणजे ही पत्त्यांची वही. सेवा सुरू झाली की वहीत नाव लिहिते. विचारणारा ‘पट्टी डॉट सर्व्हिस डॉट कॉन्सुल’ असं नाव विचारतो आणि त्याला त्या क्षणी धडधाकट असलेल्या मशीनचा पत्ता मिळतो. पण ही वहीच हरवली, तर चांगल्या चालणाऱ्या सेवाही एकमेकींना सापडत नाहीत. म्हणून वही एका मशीनवर ठेवत नाहीत.

इथे वापरलंय ते कॉन्सुल. हाशिकॉर्प कंपनीनं ते २०१४ साली आणलं. २०२३मध्ये त्याचा परवाना बदलला. स्वतःच्या कामासाठी वापरायला अडचण नाही, मात्र हीच सेवा गिऱ्हाइकाला विकायची असेल तर परवाना नीट वाचून घ्यावा. झूकीपर किंवा ईटीसीडी ही तशीच दुसरी सॉफ्टवेअरं वापरणाऱ्यांनाही पुढचं बरंचसं लागू पडतं, कारण मूळ नियम बहुमताचा आहे.

[दृश्य: तीन मशीनं. नावाच्या चिठ्ठ्या: कृष्णा, वारणा, येरळा.]

तीन सर्व्हरपैकी एक लीडर असतो. वहीतली प्रत्येक नवी नोंद आधी त्याच्याकडे जाते, तो ती बाकीच्यांना पाठवतो आणि निम्म्याहून जास्त सर्व्हरनी ती डिस्कवर लिहिली की मगच ती पक्की होते. या पद्धतीला राफ्ट म्हणतात आणि त्या बहुमताला कोरम. तीनात कोरम दोनचा, म्हणजे एक मशीन गेलं तरी चालतं. पाचात तीनचा, म्हणजे दोन गेली तरी चालतं. चार सर्व्हर ठेवले तर कोरम तीनचा होतो आणि सहन होतं ते एकच मशीन जाणं. चौथ्या मशीनचे पैसे गेले, हाती काही लागलं नाही. संख्या विषमच ठेवतात ती यासाठी.

आता खरा मुद्दा. तीन सर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला जोडलेले असतील, तर हिशेबाला तो एकच सर्व्हर. दोन सांगलीत आणि एक मिरजेत ठेवला तरी फारसा फरक पडत नाही. सांगलीतली जागा अंधारात गेली की मिरजेचा सर्व्हर एकटा उरतो आणि एकट्याचं बहुमत होत नाही. उलट मिरज बंद पडली तर काम चालू राहतं. म्हणजे निम्मीच सुरक्षितता, आणि तीही नदीकाठाच्या बाजूला ठेवलेली.

इथे तीन जागा आपसूक मिळतात. सांगली, मिरज आणि कुपवाड: महापालिका एक, गावं तीन. कृष्णा सांगलीत, वारणा मिरजेत, येरळा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत. तिन्ही एकदम जाण्याची शक्यता कमी, आणि कुठलंही एक गेलं तरी दोघांचं बहुमत शिल्लक.

[दृश्य: रस्त्याकडेला खणलेला चर, त्यातून जाणारी केबल.]

पण जागा वेगळी असली म्हणजे वाट वेगळी असते असं नाही. दोन कंपन्यांचं इंटरनेट घेतलं, आणि दोघांची फायबर एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून जात असेल, तर एक जेसीबी दोन्ही तोडतो. वाट कुठून आहे हे कंपनीला लेखी विचारावं. दुसरी गंमत अंतराची. सांगली ते मिरज जेमतेम दहा किलोमीटर. मात्र दोन्हीकडे वेगवेगळ्या कंपनीचं कनेक्शन असेल, तर पॅकेट पुण्या-मुंबईचा फेरा मारून मिरजेत पोहोचू शकतं. सर्व्हर-सर्व्हरमधला जाण्या-येण्याचा सरासरी वेळ ५० मिलीसेकंदांच्या आत हवा. दिवसातून तीन वेळा पिंग करून, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तराला लागणारा वेळ मोजून, बघावं, रात्री नऊलाही. त्या वेळी अख्खं गाव मोबाइलवर असतं.

मशीन फार मोठं लागत नाही. या कामाला २ कोर, ८ जीबी रॅम पुरते. डिस्क मात्र एसएसडीच हवी. प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की उतरल्याशिवाय पुढे सरकत नाही, त्यामुळे जुन्या फिरत्या डिस्कवर बॅकअप सुरू झाला की लीडर वेळेत हाक देत नाही, बाकीचे त्याला गेला समजून नवी निवडणूक लावतात. बॅकअप संपला की सगळं पूर्ववत, आणि कारण शोधणाऱ्याला लॉगमध्ये फक्त निवडणुकाच दिसतात.

[दृश्य: टर्मिनल. फायरवॉलचे नियम टाइप होताना.]

पोर्ट म्हणजे मशीनवरचे क्रमांक दिलेले दरवाजे. त्यांची यादी लहान आहे. ८३०० सर्व्हरांच्या आपसातल्या बोलण्यासाठी, ८३०१ गॉसिपसाठी, ८५०० एपीआयसाठी, म्हणजे प्रोग्रॅमनी वहीशी बोलण्यासाठी, ८६०० डीएनएससाठी, म्हणजे नावावरून पत्ता विचारण्यासाठी. गॉसिप म्हणजे नोड, अर्थात क्लस्टरमधली मशीनं, एकमेकांना ‘आहेस का रे’ विचारत राहतात ते. चूक होते ती ८३०१वर. तो टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडावा लागतो. बरेच जण फक्त टीसीपी उघडतात. मग नोड मधूनच फेल्ड दिसतो, परत अलाइव्ह होतो, परत फेल्ड. लॉगमध्ये ‘टीसीपीनं जोडता आलं, पण यूडीपी प्रोब फसले’ अशा अर्थाची ओळ दिसली, की केबल तपासत बसू नये, थेट फायरवॉल बघावा.

कॉन्फिगमध्ये तिन्ही सर्व्हरवर बूटस्ट्रॅप एक्स्पेक्ट ३, म्हणजे किती सर्व्हर जमल्यावर सुरुवात करायची तो आकडा. एकावर चुकून १ राहिला, तर तो स्वतःलाच लीडर करून घेतो आणि वेगळी चूल मांडतो. कोणाला जाऊन मिळायचं हे सांगणाऱ्या रिट्राय जॉइनमध्ये तिघांचे आयपी लिहायचे आणि ते स्थिर ठेवायचे. आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या भरवशावर राहिलं आणि लाइट जाऊन आल्यावर तिघांचेही पत्ते एकदम बदलले, तर जुन्या पत्त्यांवर कोणीच कोणाला सापडत नाही.

आणखी एक नेहमीची चूक. एक मशीन तयार करून त्याच्या क्लोन, म्हणजे हुबेहूब नकला, काढल्या जातात. पहिल्या मशीनवर कॉन्सुल एकदा जरी चाललं असेल, तरी डेटा डिरेक्टरीत त्याची नोड आयडी लिहिली जाते आणि क्लोनमध्ये ती तशीच उतरते. दोघे एकच ओळखपत्र घेऊन दारात उभे. क्लोन काढण्याआधी ती डिरेक्टरी रिकामी करावी.

गॉसिपची किल्ली ‘कॉन्सुल कीजेन’नं बनते, तिन्हीकडे एकच. सर्व्हरांची ओळख पटवणारी आणि बोलणं कुलूपबंद करणारी टीएलएस सर्टिफिकेटं कॉन्सुलच्याच आज्ञेनं बनवली, तर सर्व्हरचं सर्टिफिकेट वर्षभर चालतं आणि त्यावर सही करणाऱ्या सीएचं पाच वर्षं. तारीख कॅलेंडरवर लिहायची, कारण वर्ष झालं की सर्व्हर एकमेकांच्या नव्या टीएलएस जोडण्या नाकारू लागतात. घड्याळाचंही तेच: मदरबोर्डची बॅटरी संपलेलं मशीन लाइट आल्यावर जुन्या तारखेला जागं होतं आणि चांगलं सर्टिफिकेट ‘अजून सुरूच झालं नाही’ म्हणून नाकारतं. घड्याळ जुळवत ठेवणारं क्रोनी चालू ठेवावं.

[दृश्य: पुन्हा पुलाजवळचे आकडे, मग स्क्रीनवर हिरवी, पिवळी, लाल खूण.]

आता हेल्थ चेक, म्हणजे सेवा धडधाकट आहे का याची तपासणी. इथे पुलावरची ती दोन पातळ्यांची पद्धत जशीच्या तशी भेटते. तपासणीची स्क्रिप्ट ० देऊन संपली तर सेवा ठीक, १ दिला तर इशारा, दुसरं काहीही आलं तर धोका. एचटीटीपी, म्हणजे वेबच्या पद्धतीच्या, तपासणीत २००च्या घरातला उत्तराचा आकडा ठीक, ४२९ म्हणजे इशारा, बाकी सगळं धोका. इशाऱ्यावरची सेवा डीएनएसच्या उत्तरात येत राहते, धोक्यावरची गळते. ४० फुटांना बहुतेक जण घर सोडत नाहीत, सामान माडीवर चढवतात, तसंच.

पण इशारा वापरणारे थोडे. बहुतेक जण पोर्ट उघडा आहे का एवढंच तपासतात, आणि पट्टी सेवा आतून अडकलेली असली तरी पोर्ट उघडाच असतो. याच्या उलट टोकाची चूक जास्त महाग पडते: प्रत्येक सेवेच्या तपासणीत डेटाबेसला क्वेरी मारायची. डेटाबेस दहा सेकंद दमला, की वजन, सौदा, पट्टी, मेसेज सगळ्या एकदम लाल होतात आणि वही म्हणते, कोणीच हजर नाही. तपासणी सेवेनं स्वतःपुरती द्यावी. डेटाबेसची ओढाताण इशाऱ्यात दाखवावी. अंतर १० सेकंद, आणि एकदा चुकल्यावर लगेच लाल न करता सलग दोन-तीनदा चुकल्यावरच.

डीएनएसमध्ये डीएनएसमास्क हे नावांचे प्रश्न पुढे पाठवणारं छोटं सॉफ्टवेअर ठेवून ‘कॉन्सुल’नं संपणारी नावं ८६००कडे वळवायची. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरच्या साध्या मांडणीत नाव सुरुवातीला एकदाच विचारलं जातं आणि तोच पत्ता धरून ठेवला जातो. वही बदलली तरी त्याला पत्ता नाही.

[दृश्य: रात्र. खोलीत अंधार, यूपीएसचा बीप.]

बहुमत गेलं तर काय होतं? कृष्णा आणि येरळा दोन्ही बंद, वारणा एकटी. एपीआय ‘नो क्लस्टर लीडर’ म्हणते. नव्या नोंदी थांबतात, हेल्थमधले बदल वहीत चढत नाहीत. डीएनएस मात्र मूळ सेटिंगवर शिळी उत्तरं देत राहतं, म्हणून जे चालू होतं ते बहुतांशी चालू राहतं. हा वेळ घाई न करण्यासाठी मिळालेला असतो.

घाईत होणारी चूक अशी. राफ्टच्या डिरेक्टरीत पीअर्स डॉट जेसन ही फाइल ठेवून उरलेल्या एका सर्व्हरला ‘आता तूच एकटा’ असं सांगता येतं. फाइलमध्ये त्याची आयडी आणि ८३०० पोर्टासह पत्ता लिहायचा, सर्व्हर बंद असताना ती ठेवायची, मग सुरू करायचा. कॉन्सुल ती वाचून स्वतःच पुसतं. हा उपाय बाकीची दोन मशीनं कायमची गेली असतील तेव्हाचा. ती नुसती लाइटविना बंद असतील आणि तासाभरात दोघं उठून आपसात बहुमत करून बसली, तर एका वहीच्या दोन वह्या होतात. पट्ट्या कुठल्या वहीप्रमाणे गेल्या, हे नंतर हातानं जुळवत बसावं लागतं.

दुसरी चूक रिस्टार्टच्या वेळची. सर्व्हरवर ‘कॉन्सुल लीव्ह’ ही आज्ञा दिली, की तो मतदार यादीतून निघतो. तीनाचे दोन होतात, कोरम दोनचाच राहतो आणि आता एकही मशीन जाऊन चालत नाही. अपडेटसाठी सर्व्हर थांबवायचा तो लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीनं, लीव्ह न देता.

स्नॅपशॉट, म्हणजे वहीची पूर्ण प्रत, दर तासाला, आणि तो क्लस्टरबाहेर, शक्यतो जिल्ह्याबाहेर. त्यात नोंदी, की-व्हॅल्यू म्हणजे नावावर साठवलेल्या किमती, एसीएलची म्हणजे प्रवेश-परवानगीची टोकनं सगळं असतं, म्हणून फाइल उघडी टाकू नये. गॉसिपची किल्ली आणि टीएलएसच्या फाइली त्यात नसतात. त्या वेगळ्या जपाव्या लागतात.

[दृश्य: मे महिना, कोरडं नदीपात्र. कुपवाडच्या खोलीत एक हात प्लगकडे.]

पावसाआधी मे महिन्यात एकदा सराव करायचा. आधी स्नॅपशॉट. मग ‘कॉन्सुल ऑपरेटर राफ्ट लिस्ट-पीअर्स’ लावून लीडर कोण ते बघायचं. आज ती कृष्णा आहे, म्हणून सुरुवात फॉलोअरपासून, म्हणजे लीडर नसलेल्यापासून. येरळाचा प्लग काढायचा आणि पट्टी सेवेचं नाव विचारत राहायचं; उत्तर यायला हवं. नवी सेवा नोंदवून बघायची. नोंद व्हायला हवी. दहा मिनिटांनी प्लग परत. लीडरचा प्लग सगळ्यात शेवटी काढायचा. तेव्हा काही सेकंद नोंदी अडतात, मग नवा लीडर निवडला जातो.

मध्ये एकच बंधन. येरळा परत येऊन त्याच आज्ञेच्या उत्तरात तिन्ही ओळींपुढे व्होटर ट्रू, म्हणजे मतदार, असं दिसत नाही, तोवर वारणाच्या प्लगला हात लावायचा नाही.