सदाफुली आणि थांबून बसलेल्या पेशी

नमस्कार मंडळी. इंदूरात रामबागेत म्हणा, लोकमान्य नगरात म्हणा, कुठल्याही मराठी घराच्या दारात सदाफुली दिसतेच, म्हणजे दिसायची, आता सगळीकडे टाइल्स बसवल्यात आणि मला ते अजिबात पटत नाही, वीतभर माती तरी ठेवा हो.

तर त्या सदाफुलीची गोष्ट. १९५२ साली कॅनडात डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे जमैकाहून एक पाकीट आलं, आत सदाफुलीची पानं, कारण तिकडे लोक डायबिटीसवर तिचा काढा घ्यायचे. हे क्लार्क नोबल म्हणजे तेच, ज्यांना १९२१ साली इन्शुलिन शोधणाऱ्या बँटिंगबरोबर काम करायला मिळालं असतं, पण नाणेफेक झाली न् चान्स चार्ल्स बेस्टला गेला. आता ते रिटायर झालेले, म्हणून पानं त्यांनी भावाला, रॉबर्टला दिली. रॉबर्टने उंदरांना अर्क पाजला, शुगर हललीसुद्धा नाही. मग इंजेक्शन दिलं, तर शुगर तशीच आणि उंदीर मात्र इन्फेक्शन होऊन मेले, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार घटल्या होत्या. दुसऱ्या कोणी पानं फेकून दिली असती! रॉबर्टच्या मनात आलं, पांढऱ्या पेशी घटतात तर मग ब्लड कॅन्सरमध्ये हे चालेल का? चार्ल्स बीअर या केमिस्टला सोबत घेऊन १९५८ पर्यंत विनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध हाती आलं, पुढे त्याच झाडातून विनक्रिस्टिन. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

एका पेशीच्या दोन होताना आत बारीक दोऱ्या तयार होतात, हे औषध त्या होऊच देत नाही, पेशी मधेच अडकते आणि मरते. पण जी पेशी दोन व्हायला निघालीच नाही, थांबून बसली, तिला हे औषध कुठे पकडणार? पुन्हा सांगतो, थांबलेली पेशी वाचते.

दुसरं असं की रेडिएशन आणि काही किमो औषधं पेशीत ऑक्सिजनचे तिखट कण तयार करतात, त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात, त्याने डीएनए तुटतो. मग पी ५३ नावाचं प्रोटीन ब्रेक लावतं, पेशी थांबते, दुरुस्ती करते, नाही जमलं तर मरते. काही कॅन्सर पेशी मात्र ग्लुटाथायोन नावाचं आपल्यातलंच एक रसायन वाढवून ते कण विझवतात, थांबतात, सावरतात आणि महिन्यांनी, वर्षांनी पुन्हा वाढायला लागतात.

म्हणून किमो चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे असेच कण विझवणाऱ्या, गोळ्या, पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, विचारल्याशिवाय नाहीच. आणि सदाफुलीची पानं घरी उकळून पिऊ नका, ती विषारी आहेत.

डॉक्टर वेगवेगळी औषधं एकत्र देतात, मधे दिवस सोडून पुन्हा देतात, त्यात चांगल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो आणि मागच्या डोसला थांबून बसलेली पेशी पुढच्या वेळी दोन व्हायला निघाली की सापडते.