आधी दूध की आधी चहा? हेरांची शिष्टाचाराची शाळा

(टेबलावर कपबशी, किटली, दुधाचं छोटं भांडं.)

नमस्कार मंडळी! हे बघा, कपात आधी थोडं दूध घालते. आता वरून चहा. आपल्याकडे सगळं एकाच पातेल्यात उकळतं, त्यामुळे आधी काय घालायचं हा प्रश्नच येत नाही. पण १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, एवढ्याशा गोष्टीवरून जीव गेला असता. कारण कपात आधी दूध घालायची सवय इंग्रजांची, आणि तेवढ्यावरून इंग्लंडहून आलेला हेर ओळखू आला असता.

महायुद्धातल्या हेरगिरीवरचे हलकेफुलके सिनेमे तुम्ही पाहिले असतील. त्यात कुणीतरी कडक बाई धसमुसळ्या हिरोला काटा-सुरी धरायला शिकवते आणि आपण पोट धरून हसतो. असे वर्ग खरोखर भरायचे. इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट नावाचं जंगल आहे. तिथल्या ब्यूली इस्टेटवरच्या बंगल्यांमध्ये एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेची शाळा होती. संघटना १९४० सालची. स्कॉटलंडच्या डोंगरात सुरुंग लावायला, हातघाईवर लढायला शिकून झालं की हेर शेवटच्या टप्प्यासाठी इथे यायचे. या टप्प्याचं नाव होतं ‘फिनिशिंग स्कूल’. श्रीमंत घरच्या मुलींना उठण्या-बसण्याच्या रीती शिकवणाऱ्या शाळांना जे म्हणतात, तेच!

आणि शिकवायचे काय? साध्या गोष्टी. फ्रान्समधल्या कॅफेत ‘काळी कॉफी द्या’ असं म्हणायचं नाही. दुधाची इतकी टंचाई की कॉफी काळीच मिळणार, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. ‘काळी’ हा शब्द उच्चारलात की तुम्ही बाहेरचे. काही ठरावीक दिवशी कॅफेत दारू विकायला बंदी, तेव्हा वारही लक्षात हवा. बायकांना तंबाखूचं रेशनच नव्हतं, म्हणून बाई चारचौघांत सिगारेट ओढायला लागली की नजरा वळायच्या. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, कारण तिथे गाड्या उजव्या बाजूने धावतात. अमेरिकन हेरांची अडचण निराळीच. मांस कापून झालं की ते काटा डाव्या हातातून उजव्या हातात घेतात. ती सवय मोडताना त्यांच्या नाकी नऊ यायचे.

भाषा घोकता येते, खोटं नाव पाठ करता येतं. पण हाताला लागलेलं वळण? ते आपल्याला दिसतच नाही, तर लपवणार कसं? ही अडचण सिनेमात हसवते, ब्यूलीत ती घाम फोडायची. रात्री झोपेतून खेचून, जर्मन गणवेशातली माणसं समोर बसवून खोटी उलटतपासणी घ्यायचे.

तिथेच १९४३ मध्ये आली नूर इनायत खान. तिचे वडील हजरत इनायत खान बडोद्याचे. त्यांचे आजोबा मौलाबक्ष, ज्यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा सुरू केली. नूर पॅरिसजवळ वाढलेली, हार्प वाजवणारी, जातककथा मुलांसाठी इंग्रजीत सांगणारी. त्या खोट्या तपासणीत ती पार भेदरून गेली. दुटप्पी वागावं लागेल असं काही करायला आवडणार नाही, असंही तिने तिथे सांगितलं. हेर व्हायला आलेली मुलगी! शिक्षकांनी शेरा प्रतिकूल दिला. फ्रान्स विभागाचे प्रमुख मॉरिस बकमास्टर यांनी त्या शेऱ्यावरच लिहिलं, ‘मूर्खपणा’. मला बकमास्टरांचं पटतं. खोटं बोलणं जिवावर येणाऱ्या माणसाला भित्रं समजणं, ही त्या शिक्षकांची चूक होती.

जून १९४३ मध्ये ती विमानाने फ्रान्समध्ये उतरली, व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली पहिली स्त्री वायरलेस ऑपरेटर म्हणून. आणि सुरुवातीलाच, एका सहकाऱ्याच्या घरी चहा ओतताना तिने कपात आधी दूध घातलं. बरं झालं, घर आपल्याच माणसांचं होतं. यजमानीणबाईंनी लगेच टोकलं.

काही दिवसांतच तिच्याभोवतीचे सहकारी पटापट पकडले गेले. लंडनने परत बोलावलं, ती गेली नाही. जागा बदलत, जड वायरलेस सेट वागवत ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवत राहिली. शेवटी पकडली गेली ती कुणीतरी फितुरी केल्यामुळे. चहाच्या कपाने तिचा घात केला नाही.

गेस्टापोच्या, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांच्या, चौकशीत तिने सहकाऱ्यांची माहिती दिली नाही. पळून जायचा प्रयत्न मात्र केला. मग जर्मनीतल्या फोर्झहाइमच्या तुरुंगात तिला साखळदंडात, एकटीला कोंडलं. साधारण दहा महिने. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली.

(कप उचलून उलटा धरते. बूड कॅमेऱ्यासमोर.)

फोर्झहाइममध्ये कैद्यांना जेवणासोबत मग मिळायचा. नूरने आपल्या मगच्या बुडावर अक्षरं कोरली. तो मग दुसऱ्या कैदी स्त्रीच्या हाती लागला, म्हणून या कोठडीत कोण आहे ते बाहेर कळलं. बुडावर होतं एक नाव, नोरा बेकर. बेकर हे तिच्या आईचं माहेरचं आडनाव. आणि त्यासोबत लंडनमधल्या आईच्या घराचा पत्ता.