वाढत्या शहराचे नवे महापौर आणि शहराची कड

नवीन महापौर खुर्चीत बसले की पहिल्याच आठवड्यात टेबलावर फाइलींचा ढीग लागतो. त्यात वरच्या फाइली बहुतेक वेळा उड्डाणपूल, स्वागत कमानी, चौकाचं सुशोभीकरण अशाच असतात, कारण ही कामं दिसतात, त्यांचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. पण शहर झपाट्याने वाढत असेल तर माझं सरळ मत आहे, महापौरांनी त्या फाइली जरा बाजूला ठेवाव्यात आणि आधी शहराच्या कडेला जावं, जिथे डांबरी रस्ता संपतो आणि पुढे शेतात प्लॉट पाडलेले दिसायला लागतात तिथे.

कारण पुढचं शहर तिथेच उभं राहणार आहे. साधं गणित बघा. लोकसंख्या दरवर्षी ३ टक्क्यांनी वाढली तर साधारण २४ वर्षांत दुप्पट होते, ४ टक्क्यांनी वाढली तर १८ वर्षांतच. म्हणजे आज जन्मलेलं मूल मतदानाला जाईपर्यंत तेवढंच आणखी एक शहर शेजारी बसलेलं असतं. आणि ही फक्त महानगरांची गोष्ट नाही, संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातले जवळपास निम्मे शहरी लोक ५ लाखांपेक्षा कमी वस्तीच्या शहरांत राहतात.

आता कडेला काय होतं? आधी जमीन विकली जाते, मग घरं होतात, मग लोक राहायला येतात, आणि मग सगळे मिळून पालिकेकडे रस्ता, पाणी, ड्रेनेज मागायला जातात. तोपर्यंत रस्त्याला जागाच उरलेली नसते. मग भूसंपादन, कोर्टकचेरी, कुणाचं अर्धं घर पाडायचं यावरून भांडणं, आणि जो रुंद रस्ता आधी नकाशावर एक रेघ मारून मिळाला असता त्याला वर्षानुवर्षं लागतात.

न्यूयॉर्कने १८११ मध्येच मॅनहॅटनच्या रस्त्यांचा आराखडा १५५ व्या स्ट्रीटपर्यंत आखून ठेवला होता, तेव्हा त्यातला बराचसा भाग शेतं आणि टेकड्याच होता. इतकं मागे जायची पण गरज नाही. इथिओपियात अदामा, बहिर दार, हवासा आणि मेकेले या चार वाढत्या शहरांनी गेल्या दशकात हेच काम हाती घेतलं. शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर साधारण एकेक किलोमीटरवर ३० मीटर रुंद मुख्य रस्त्यांच्या जागा राखायच्या, बास. लगेच डांबर नाही, दिवे नाहीत, फक्त जागा राखायची. गरीब देशातल्या मध्यम शहरांना हे सुचतं आणि जमतं, म्हणून पैसे नाहीत ही सबब मला पटत नाही.

रस्त्यांसारखंच नदी-ओढ्यांचं. ब्राझीलमधल्या कुरितिबा शहरात १९७१ मध्ये जैमे लर्नर महापौर झाले, पेशाने आर्किटेक्ट माणूस. तिथे पुराचं पाणी जिथे पसरायचं अशा नदीकाठच्या जागा घरांना न देता त्यांनी पार्क केल्या, पाऊस जास्त झाला की पाणी पार्कात जातं, एरवी लोक फिरतात. याच लर्नर यांनी १९७२ मध्ये शहराचा मुख्य बाजाररस्ता गाड्यांसाठी बंद केला, दुकानदारांचा विरोध होणार हे माहीत होतं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू करून ७२ तासांत फरशा, कुंड्या, दिवे सगळं बसवून टाकलं. नंतर काही वाहनवाले जबरदस्तीने गाड्या घुसवणार असं कळलं, तर पालिकेने रस्त्यावर लांबच लांब कागद अंथरले आणि मुलांना चित्रं काढायला बसवलं. गाड्या आल्या नाहीत. मला वाटतं नवीन महापौरांनी असं एखादं झटपट दिसणारं काम जरूर करावं, लोकांचा विश्वास बसतो आणि त्या जोरावर जमिनीखालची न दिसणारी कामं रेटता येतात.

आणि जमिनीखाली पहिलं काम पाण्याचं. पाणी कमी पडलं की नवीन धरण, नवीन योजना अशी मागणी होते, पण आहे ते पाणी जातं कुठे हे आधी बघायला हवं. कंबोडियात नोम पेन्हमध्ये १९९३ साली शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे ७२ टक्के पाण्याचे पैसेच मिळत नव्हते, काही गळून जायचं, काही चोरीला. मग एक सोन चान (‘एक’ हे त्यांचं आडनाव) यांनी पाणीपुरवठ्याचा कारभार हाती घेतला, मीटर बसवले, जुने पाइप बदलले, फुकट पाणी वापरणाऱ्या बड्या लोकांनासुद्धा बिल लावलं, आणि पुढे हा आकडा ६ टक्क्यांच्या आसपास आला.

गळती शोधायचं काम होतं रात्री. दोन-तीनच्या सुमाराला सगळे नळ बंद असतात, पाइपात प्रेशर चढलेलं असतं, आणि तरीही एखाद्या भागाचा मीटर जोरात पळत असेल तर समजायचं पाणी जमिनीत चाललंय. मग कर्मचारी लोखंडी दांड्याचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवतो आणि दुसरं कानाला लावून तो बारीक फसफस आवाज ऐकत व्हॉल्व्हमागून व्हॉल्व्ह पुढे सरकतो. महापौरांनी एक रात्र या लोकांबरोबर काढावी असं मला मनापासून वाटतं, मग बजेटमध्ये दुरुस्तीच्या रकमेवर कात्री चालवताना हात थांबेल.

बसचं थोडक्यात सांगतो, बसला वेगळी लेन द्या, कुरितिबाने १९७४ पासून दिलीय. आणि घरं डोंगरावर असतील तर कोलंबियातल्या मेदेयीनने २००४ मध्ये केलं तसं रोपवेलाच मेट्रोशी जोडता येतं.

आता एक अडचण खरीच आहे. काही ठिकाणी महापौरांच्या हातात पूर्ण कारभार असतो, काही ठिकाणी सही नेमलेल्या अधिकाऱ्याची चालते आणि महापौर फक्त सभा चालवतात. पण अधिकार कमी असले तरी बजेटमध्ये कुठलं काम आधी यावं हे जाहीरपणे मांडता येतं, आणि लोकांना त्या चर्चेत आणता येतं. ब्राझीलमध्येच पोर्तो अलेग्रेने १९८९ पासून भागाभागात सभा घेऊन कामं कुठली करायची हे रहिवाशांनाच ठरवायला लावलं. लोकांनी कमानी-कारंजी नाही मागितली, पाणी, गटारं, पक्के रस्ते मागितले, आणि तेही कडेच्या गरीब वस्त्यांनी सगळ्यात जास्त. पाणी आणि ड्रेनेज जोडलेली घरं १९८८ मध्ये ७५ टक्के होती, १९९७ पर्यंत ९८ टक्के झाली. म्हणून नव्या महापौरांनी पहिल्या बजेटआधी अशा सभा सुरू कराव्यात आणि पहिली सभा मुख्यालयात न घेता हद्दीवरच्या सगळ्यात नव्या वस्तीत घ्यावी, पाणीपुरवठा आणि नगररचनेच्या अधिकाऱ्यांना नकाशे घेऊन सोबत बसवून.