होल्यांचा जोडा

(आगमनकाळातील एका व्याख्यानाचा संपादित भाग)

भावांनो, बहिणींनो, नाताळच्या गोष्टीतलं एक वचन आपल्या नाटिकांत सहसा येत नाही. मेंढपाळ येतात, पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक सोनं, ऊद आणि गंधरस ठेवतात आणि पडदा पडतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मात्र गोष्ट पुढे चालूच आहे. बाळंतिणीचे शुद्धीकरणाचे दिवस भरल्यावर मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात. तिथं अर्पणासाठी काय सांगितलंय? होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं.

आता जुन्या करारातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकाचा बारावा अध्याय उघडा. मुलगा झाला तर चाळीस दिवसांनी आईनं एक कोकरू आणि एक पाखरू आणायचं. कोकराची ऐपत नसेल, तर दोन पाखरं चालतील. हे घर गरीब होतं असं लूक कुठंच म्हणत नाही. त्यानं फक्त अर्पण काय होतं तेवढं नोंदवून ठेवलंय. मला तरी ते वाचून दर वेळी गलबलून येतं.

योहान 3:16 आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. देवानं जगावर एवढी प्रीती केली की त्यानं आपला एकुलता एक पुत्र दिला. दिला तो कोकरू न परवडणाऱ्या घरात. आणि त्या घरानंही हात रिकामे नेले नाहीत.

आमच्या नगर जिल्ह्यात नाताळ येतो तो ऐन गळीत हंगामात. कारखान्याच्या आसपास ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडलेल्या असतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन आलेली नवराबायकोची जोडी, तिला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. एका डिसेंबरात आम्ही चौघं तिथं ब्लँकेटं वाटायला गेलो. एका कोपीत महिन्याभराचं लेकरू होतं, उसाच्या वाळल्या पाचटावर गोधडी टाकून निजवलेलं. त्याच्या आईनं ब्लँकेट घेतलं आणि म्हणाली, "बसा की दादा, चहा ठेवते." आम्ही म्हणालो, "राहू द्या ताई, अजून बऱ्याच कोप्या राहिल्यात." तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. काही बोलली नाही. रस्त्याला लागल्यावर मला कळलं, की तिचं अर्पण आम्ही मंदिराच्या दारातूनच परत पाठवलं होतं. आम्हाला द्यायचं होतं, घ्यायला मात्र आम्हाला सवड नव्हती.

पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी गेलो. ती जोडी दुसऱ्या कारखान्याला गेली होती. तिथल्या कोपीत एक म्हातारी होती, तिनंही बसा म्हटलं. या वेळी आम्ही पाचटावरच मांडी घातली. कोरा चहा, गूळ टाकलेला. कप दोनच होते. दोघांचा पिऊन झाला की ती ते विसळायची आणि पुढच्या दोघांना भरून द्यायची.