तीन छपरांचं काम

(दृश्य: जुन्या किल्लारीची जागा. बाभळी, दगडांचे ढीग. भर दुपार.)

मराठवाड्यात सिनेमा करतेय म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "दुष्काळावर का?" भेगाळलेली जमीन, रिकामी घागर, 2016 साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे, ही चित्रं सगळ्या देशानं पाहिली. ती खरीच आहेत. पण ती घागर ज्या छपराखाली ठेवलेली असते, ते छप्पर कुणी बांधलं, कशाचं बांधलं, पहिल्या पावसात ते कुठं गळतं, हे पडद्यावर फारसं येत नाही. सध्या माझ्या हातात तीन कामं आहेत, आणि तिन्ही छपरांची आहेत.

सगळ्यात मोठं काम माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराचं.

30 सप्टेंबर 1993. पहाटेचे चार वाजत आले होते. गणपती विसर्जन करून दमलेली गावं गाढ झोपेत होती. भूकंप झाला, आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं काही सेकंदांत बसली. हजारो माणसं गेली. बहुतेकांचा जीव घरानंच घेतला. दगड आणि मातीच्या जाडजूड भिंती, आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर माती. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची रीत. आजोबानं टाकली, बापानं टाकली, लेकानं टाकली. फूट-दोन फुटांचे थर झाले. वैशाखातही आत गारवा राहायचा तो याच मातीमुळं, आणि त्या पहाटे अंगावर आली तीही हीच माती. काही घरांत तर लाकडाचा सांगाडा तसाच उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या.

(दृश्य: माळवदाच्या जुन्या घराचा आतला भाग. वरच्या झरोक्यातून येणारं ऊन.)

या भागात अजूनही काही माळवदं उभी आहेत. आत शूटिंग करणं अवघड जातं. उजेड वरून एकाच झरोक्यातून येतो, बाकी सगळा अंधार. चेहरा नीट दिसावा म्हणून लाइट लावला तर ते घर राहतच नाही, त्याचा सेट होतो. म्हणून आम्ही आत दिवा लावत नाही. ऊन सरकेल तसं माणसाला सरकून बसायला सांगतो. बोलणाऱ्या आजीला त्यात काहीच नवल वाटत नाही. निवडण-टिपण तिनं जन्मभर असंच उन्हाच्या मागं सरकत केलेलं असतं.

भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, ओळीनं घरं, घरांमध्ये भरपूर मोकळी जागा. बांधकाम पक्कं झालं. पण जुन्या गावात एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर बोलता यायचं, ते नव्या गावात जमेना. फिल्ममध्ये एक आजी आम्हाला गावठाणाच्या जुन्या जागेवर घेऊन जातात. तिथं आता भिंत नाही, दार नाही. तरी दाराच्या जागी आल्यावर त्या कमरेत वाकतात, आणि मगच आत पाऊल टाकतात. "हितं ओसरी. हितं चूल. हितं उतरंड." मग माझ्याकडं वळून विचारतात, "काय काढलालीस माय, दगडाचं?" हा शॉट मी कुठंही कापणार नाही.

मला हे धाडस आलं ते इराणच्या अब्बास किआरोस्तामींमुळं. 1990 साली उत्तर इराणमध्ये मोठा भूकंप झाला. आपल्या आधीच्या चित्रपटातली मुलं त्या भागातली, ती जिवंत आहेत का, या काळजीनं ते तिकडं गेले आणि त्याच शोधाचा पुढं त्यांनी चित्रपट केला. त्यात तंबूत राहणारी माणसं टीव्हीची अँटेना उभारतात, कारण फुटबॉलचा वर्ल्डकप चालू असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हादरले. शोकात बुडालेल्या गावातही माणसाला सामना बघावासा वाटतो, आणि दिग्दर्शक ते दाखवायला कचरत नाही. किल्लारीच्या माणसांना फक्त रडताना दाखवायचं नाही, हे मी तिथं शिकले.

(दृश्य: ज्वारीचं रान. कडब्याची कोप. माणसांची लगबग.)

दुसरं काम छोटं आहे, आणि आनंदाचं. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी शहरं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, भज्जी आणि आंबिलाचा नैवेद्य दाखवायचा. मग आंबील शिंपडत रानाला फेरी मारायची: "ओलगे ओलगे सालम पोलगे!" ही फिल्म मी आधी कानांनी करतेय. वारं फार असतं, माइकला केसाळ टोपडं घातल्याशिवाय काही खरं नाही. पण कडब्यातून फिरणारा वारा, मडक्यात ढवळलेलं आंबील आणि लांबच्या शिवारातून येणारी आरोळी, हे एकावर एक ऐकलं की चित्राची घाई वाटत नाही. निवेदन मुद्दाम ठेवलेलं नाही.

तिसरं अजून कागदावर आहे. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याची छोटी कथा. बीडच्या बालाघाटातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ट्रक-ट्रॅक्टर निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरांची एक जोडी, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आणि कारखान्याच्या हद्दीत उभी केलेली कोपी: बांबू, चटई, पाचट, वर प्लास्टिकचा कागद. त्यात हंगाम काढायचा. बाई पहाटे अंधारातच उठते, कारण भाकरी करून फडात पोहोचायचं असतं. आजारी पडून खाडा झाला तर त्याचेही पैसे कापले जातात. कथा कोपी उभी राहताना सुरू होते आणि ती मोडताना संपते. कॅमेरा कोपीच्या बाहेर फार जाणार नाही. नटांपेक्षा त्या कामातलीच माणसं घ्यायची आहेत, आणि त्यांची बोली जशी आहे तशीच ठेवायची आहे. आमच्या भागातलं 'करलालाव' पडद्यावर आलं की हशा पिकतो, याचा मला मनापासून त्रास होतो. त्या बोलीत माणसं कर्ज मागतात, लेकरं निजवतात, मयताला रडतात.

(दृश्य: जुने लग्नाचे फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या.)

छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवात माळवदाची फिल्म दाखवायला मिळाली तर मला आवडेल. पण पहिला खेळ नव्या किल्लारीत, चादर बांधून, रात्री जेवणं झाल्यावर होणार.

त्याआधी एक मागणं आहे. 1993 पूर्वीची घरं आम्हाला सापडतात ती लग्नाच्या फोटोंत. नवरा-नवरी पुढं उभी, मागं दगडी भिंत, वर माळवदावर चढलेली पोरं. असा फोटो तुमच्या पेटीत, देवघरात, भिंतीवर असेल तर कळवा. आम्ही तुमच्या घरी येऊ आणि तिथंच बसून त्याचा फोटो काढू. मूळ फोटो घराबाहेर जाणार नाही.