उतारावरचं गवत

(दृश्य: रस्त्याकडेचा भराव. कॅमेरा जमिनीलगत, समोर उंच गवत.)

गवत गुडघ्याच्या वर गेलंय. वळणावर समोरून येणारी गाडी दिसत नाही, फलकांचे खांब अर्धे बुडालेत आणि पाण्याची चारी कुठून जाते तेही कळत नाही. कापायला तर हवंच. ट्रॅक्टर येऊन उभा आहे, पण इंजिन अजून बंद आहे.

चालकाच्या हातात एक मीटर लांबीची सरळ फळी आहे. तो फळीचं एक टोक उतारावर टेकवतो, दुसरं खालच्या बाजूला अधांतरी धरतो. लेव्हलच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की अधांतरी टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजतो. 25 सेंटिमीटर भरलं तर चारास एक उतार, म्हणजे 14 अंश. 33 भरलं तर तीनास एक, 18 अंशांहून किंचित जास्त. 50 भरलं तर दोनास एक, साडेसव्वीस अंश. मोबाइलमधलं कोनमापकही चालतं, पण फळीवर ठेवून. नुसत्या गवतावर टेकवलेला मोबाइल काहीही सांगतो.

रस्ते आखणारे अभियंते साधारणपणे तीनास एक किंवा त्याहून सौम्य उतार यंत्राने कापण्याजोगा धरतात. म्हणून कुठलाही ट्रॅक्टर तिथे घालावा असं मात्र नाही. त्या ट्रॅक्टरच्या आणि त्या अवजाराच्या पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाळायची. गवत ओलं असेल, जमीन भुसभुशीत असेल, तर तीही कमी धरायची.

(दृश्य: पुढच्या एक्सलचा क्लोजअप. ग्रीसने माखलेली मधली पिन.)

ही पिन नीट बघा. पुढचा एक्सल मधोमध या पिनेवर झुलतो. खाचखळग्यांत त्याचा फायदाच होतो: एक चाक खाली गेलं तरी दुसरं जमीन सोडत नाही. उतारावर मात्र याच पिनेमुळे चार चाकांचा ट्रॅक्टर तिवईसारखा वागतो. मागची दोन चाकं आणि पुढची ही पिन, एवढाच त्याचा आधार. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर ट्रॅक्टर उभा, बाहेर पडला की आडवा. म्हणून उतारावर उतरण्याआधी मागची चाकं पुस्तिकेत दिलंय तितकी बाहेर घ्यायची, वजन खाली राहील असं बघायचं आणि पुढे लोडर असेल तर त्याची बादली खालीच ठेवायची.

आता एक साधा हिशोब. ट्रॅक्टर उतारावर आडवा चाललाय. वरच्या बाजूचं चाक दगडावर चढलं, त्याच क्षणी खालच्या बाजूचं बिळात गेलं. दोन्ही मिळून फरक पडला फक्त 15 सेंटिमीटरचा. चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर ट्रॅक्टर जवळपास 6 अंशांनी जास्त कलला. फळीने 18 अंश दाखवलेले, ट्रॅक्टरने अनुभवले 24. कापायच्या पट्ट्यातून आधी पायी फिरणं, बिळं, खुंट, तारा, बाटल्या शोधून झेंड्या रोवणं, हे काम कंटाळवाणं खरं. पण माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत मोलाचं तेच.

कारण तोल गेल्यावर हाती वेळ उरत नाही. चढावर क्लच झटक्यात सोडला आणि पुढची चाकं उचलली, तर सुमारे पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परत खाली न येण्याच्या टप्प्यावर पोहोचतो आणि दीड सेकंदात पालथा होतो. तेवढ्यात माणूस काय करणार? करायचं ते रोलबार, म्हणजे चालकामागची मजबूत लोखंडी कमान, आणि सीटबेल्ट करतात, तेही दोन्ही मिळून. स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरला असं संरक्षण सक्तीचं केलं. रोलबार घडी करून मागे पाडलेला असेल तर तो नसल्यात जमा, आणि अशा वेळी बेल्ट बांधणं उलट घातक, कारण माणूस ट्रॅक्टरखाली अडकून राहतो. सरळ उपाय म्हणजे रोलबार उभा करायचा, पिना घालायच्या आणि मग बेल्ट लावायचा.

(दृश्य: ब्रेकची दोन पेडल. चालक त्यांना जोडणारी कडी लावतो. कडी बसल्याचा आवाज.)

शेतात वळण घ्यायला सुटी ठेवलेली ही पेडलं इथे जोडलेलीच हवीत. एकाच चाकाला ब्रेक लागला, तर ट्रॅक्टर भलतीकडेच वळतो. खालचा गिअरही उताराच्या माथ्यावर असतानाच टाकायचा. मध्येच क्लच दाबला की इंजिनची पकड सुटते आणि ट्रॅक्टर घरंगळायला लागतो. सरळ चढ-उतारावर खाली येताना पुढे तोंड करून यावं, वर जायचंच झालं तर रिव्हर्समध्ये जावं. वळणं सावकाश आणि मोठी घ्यावीत: वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो.

तरीही सर्वांत शहाणा मार्ग म्हणजे ट्रॅक्टरने साइडपट्टीवरच राहायचं आणि लांब हायड्रॉलिक हाताने उतार कापायचा. या हाताच्या टोकाला फिरत्या पात्यांचं डोकं असतं. हात जितका लांब, तितका ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो, त्यामुळे विरुद्ध बाजूच्या चाकाला वजनं लावतात किंवा टायरमध्ये पाणी भरतात. आणि कडेपासून अंतर राखतात. चारी दीड मीटर खोल असेल तर चाक तिच्या काठापासून किमान दीड मीटर दूर, कारण काठ आतून पोकळ झालाय की नाही हे वरून दिसत नाही.

पात्याखाली सापडलेला खडा गोळीसारखा सुटतो, म्हणून साखळ्यांचे पडदे शाबूत हवेत आणि समोर माणूस दिसला की पाती थांबायलाच हवीत. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याच्या शाफ्टवरचं आवरण काढून काम करणाऱ्याला कामावरून घरी पाठवावं.

(दृश्य: दोनास एकचा उतार. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारं, रिमोटचं यंत्र. चालक वर, कठड्याआड उभा.)

इथे फळीने 50 सेंटिमीटर दाखवले. ट्रॅक्टर इथे उतरणार नाही. हे बुटकं यंत्र 50 अंशांच्या आसपासच्या उतारावरही चालतं, आणि उलटलंच तर वर बसलेलं कोणी नसतं. ते महाग आहे, हळू आहे, सगळ्यांकडे नसतं. मग वरचा एक पट्टा, जिथून वाहनांना दिसायला हवं तेवढा, हाताने कापून घेतात. खालचं गवत माती धरून ठेवतं, त्याला तसंच राहू देतात.